पौष पौर्णिमेला हजीरा ते घोघा: खान्देशातून खंबातच्या आखातात

आमच्याकडे कुणी क्रूझचं नाव काढलं की पहिला प्रश्न ठरलेला, हिवाळ्यात समुद्र कसा असतो हो, बोट हालते का. आणि बुकिंगवाल्याचं उत्तर पण ठरलेलं, एकदम शांत, पाण्याचा ग्लास हलणार नाही. हे अर्धं खरं आहे. आम्ही पौष महिन्यात सुरतजवळच्या हजीऱ्याहून आखातापलीकडे भावनगरजवळच्या घोघ्याला फेरीबोटीने गेलो आणि चार दिवसांनी तसेच परत आलो, तर जाताना खरंच ग्लास हलला नाही आणि येताना चहाचा कप हातात धरवत नव्हता. जहाज तेच, आखात तेच, महिना तोच. का, ते पुढे येईलच, म्हणून या वेळी तारखांऐवजी तिथीनेच लिहितो, कारण त्या पाण्यात तारखेला काही अर्थ नाही.

शुक्ल चतुर्दशी

अमळनेरहून सकाळची सुरतची गाडी पकडली. आम्ही दोघं, आई, आणि शेजारचे नाना-वहिनी. नाना एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झाले, त्यामुळे कुठलंही वाहन दिसलं की त्यांना आधी त्याचं ॲव्हरेज पाहिजे. प्लॅटफॉर्मवर ओळखीच्या एकाने विचारलंच, "कथा चालनात नाना?", म्हणजे कुठे निघालात, तर नाना म्हणे, "समुद्रमां." तो माणूस बिचारा हसला फक्त.

आपल्या लोकांना समुद्र म्हणलं की मुंबई आठवते, पण खान्देशाचा खरा समुद्र सुरतेचा. तापी तिकडे जाते, रेल्वे तिकडे जाते, उधना-लिंबायतमध्ये अर्धं खान्देश राहतं. नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार करत गाडी नवापूरला थांबली, ते स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, तिथे उतरून फोटो काढण्याचा कार्यक्रम झाला. डब्यात कळण्याची भाकरी, भरीत, ठेचा आणि मेहरूणची बोरं. थंडी बऱ्यापैकी होती पण वारा असा नव्हता, हे मुद्दाम सांगतोय.

उधन्याला मावसभावाकडे सामान टाकलं आणि संध्याकाळी डुमसला गेलो. तापी जिथे समुद्राला मिळते तो हा भाग. मुलताईला उगम, तिथून ७२४ किलोमीटर, हतनूर, प्रकाशा, उकाई अशी अडत अडत येऊन इथे संपते. आई बराच वेळ त्या गढूळ पाण्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हाई ते आपली तापीच शे, समुद्र कथा शे?" प्रश्न बरोबर होता. गोव्याचं निळं पाणी डोक्यात ठेवून इथे आलात तर निराश व्हाल. खंबातच्या आखातात तापी, नर्मदा, मही, साबरमती सगळ्यांचा गाळ येतो आणि भरती-ओहोटी तो खाली बसूच देत नाही, रोज ढवळते. पाणी बारा महिने मातकट. वादळ आलंय म्हणून नव्हे, ते तसंच असतं.

जवळच सुवाळीचा किनारा आहे. तापीच्या मुखाशी गाळ म्हणून जुनी इंग्रजी जहाजं सुरतेपर्यंत न येता सुवाळीला नांगर टाकायची. १६१५ मध्ये थॉमस रो इथेच उतरला आणि पुढे जहांगीर बादशहाकडे अजमेरला जाताना बुऱ्हाणपूरवरून गेला, म्हणजे आपल्या खान्देशातूनच. आम्ही उलट निघालो होतो एवढंच.

मावसभावाने फोनवर हवामानाचं ॲप दाखवलं, लाटा अर्धा मीटर. म्हणे झोपून जा. हैदराबादच्या इनकॉइस या सरकारी संस्थेचे लाटांचे आणि वाऱ्याचे अंदाज रोज येतात, ते बघायलाच पाहिजेत, पण इथे नुसत्या लाटेच्या आकड्यावर जाऊन चालत नाही.

पौर्णिमा

पहाटेच निघालो. हजीऱ्याला पोचलो तेव्हा उजाडायला लागलं होतं आणि पाण्यावर धुकं होतं, दाट नाही पण जेट्टीचं दुसरं टोक पुसट दिसेल इतकं. हिवाळ्यात इथे सुटायला वेळ लागला तर बहुतेक कारण लाटा नसतात, धुकं असतं. म्हणून पुढची गाडी किंवा लग्नाचा मुहूर्त फेरीच्या वेळेला चिकटवून ठेवू नका.

ही फेरी नोव्हेंबर २०२० पासून चालू आहे. त्याआधी ऑक्टोबर २०१७ मध्ये घोघा-दहेज अशी सुरू झाली होती, पण दहेजकडे नर्मदेच्या गाळाने पाण्याची खोली राहीना, मग ती बंद पडून हजीऱ्याकडे आली. रस्त्याने ३७० किलोमीटर पडतात आणि पाण्यातून ९०, चार तासांच्या आसपास. खाली ट्रक, गाड्या, मोटारसायकली, वर माणसं. नाना आधी खालीच गेले, ट्रक साखळ्यांनी डेकला कसे बांधतात ते बघायला, आणि वर येऊन त्यांनी जाहीर केलं की साखळ्या लावतात म्हणजे हे हालतंच कधीतरी.

सुटलो तेव्हा साडेआठ झाले असतील. वारा उत्तरेकडून, इतका हलका की झेंडा अर्धवट उचलला जायचा आणि परत पडायचा. पाण्यावर पांढरा फेस कुठेच नाही. ही एक सोपी खूण कुठल्याही क्रूझवर वापरता येते, बोफोर्ट नावाच्या वाऱ्याच्या मोजमापात वारा सात ते दहा नॉटला गेला की तुरळक पांढऱ्या शेंड्या दिसायला लागतात आणि अकरा ते सोळाला त्या जिकडेतिकडे असतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. शेंड्या नाहीत म्हणजे निवांत बसा.

पण पाणी स्थिर होतं असं मुळीच नाही. कठड्याला टेकून खाली बघितलं तर पाण्यात लांबच लांब पट्टे, एका पट्ट्यावर बारीक सुरकुत्या, शेजारचा एकदम गुळगुळीत, मध्येच मोठमोठे भोवरे उठून उलगडत जाणारे, आणि दोन पट्टे भेटतात तिथे काड्या, फेस, प्लास्टिकची बाटली असं सगळं एका ओळीत. नाना फोनवर नकाशा उघडून बसले होते. म्हणाले, अरे हे ताशी अठरा-एकोणीस किलोमीटरच्या वर जाईना, टपावर लोड जास्त झाला का. तिथे एक खलाशी दोर गुंडाळत होता, रायगडकडचा निघाला, मराठी ऐकून थांबला. म्हणाला, लोड नाही काका, ओहोटी आहे, त्यात पुनवेचं उधाण, आपण पाण्याच्या तोंडाला चाललोय.

मग त्याने जे सांगितलं ते मला सगळ्यात उपयोगाचं वाटलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. खंबातचं आखात हे नरसाळं आहे, समुद्राकडे रुंद आणि आत जाईल तसं अरुंद आणि उथळ. भरतीचं पाणी आत शिरतं आणि त्याला पसरायला जागा नसते म्हणून ते उंच चढतं. मुंबईला उधाणाची, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येची, भरती आणि ओहोटी यात साडेचार-पाच मीटरचा फरक असतो, भावनगरकडे तो दहा मीटरच्या आसपास जातो, भारतात सगळ्यात जास्त. तीन मजली घर बुडेल एवढं पाणी सहा तासांत भरायचं आणि पुढच्या सहा तासांत रिकामं व्हायचं म्हणजे ते केवढ्या ओढीने धावत असेल, काही जागी ताशी दहा किलोमीटरपर्यंत. आणि असं दिवसातून दोनदा. बाहेरच्या अरबी समुद्राच्या मोठ्या लाटा आखाताच्या तोंडाशी असलेल्या वाळूच्या दांड्यांवर बऱ्याच मोडतात, आतपर्यंत फारशा येत नाहीत. म्हणून ॲपवर अर्धा मीटर.

मग बोट हालते कशाने? वाऱ्याने आणि ओढीने, दोघांचं जमतं का नाही त्यावर. हिवाळ्यात वारा उत्तरेकडून, ओहोटीचं पाणी पण उत्तरेकडून दक्षिणेला, दोघं एकाच दिशेने चालले की पाणी सपाट राहतं. भरती लागली की पाणी उलटं फिरतं, दक्षिणेकडून उत्तरेला, आणि वारा समोरून आला की पाणी खडबडायला लागतं. लाट उंच नसते पण आखूड आणि उभी होते, एकामागे एक, लागोपाठ. मोठी लांब लाट जहाज उचलून हळू खाली ठेवते, ही आखूड लाट नुसते धक्के देते. खलाशी म्हणाला, "आज तुमचं नशीब, वारा नाही आणि वर ओहोटी आहे. येताना बघा."

दोनेक तासांनी दोन्ही काठ दिसेनासे झाले. मागे पांढरे कुरव लागले, लोक गाठिया फेकायचे आणि ते हवेतच झेलायचे, आईने दशमीचा तुकडा टाकला तर त्याच्याकडे एकाने पण बघितलं नाही, हा अपमान पुढे दोन दिवस चालला. वहिनींनी घरूनच मळमळीची गोळी घेतली होती ती मात्र वाया गेली म्हणून त्यांना हळहळ, शिवाय त्या गोळीने झोप येते ती आलीच, अर्धं आखात त्या घोरत पार झाल्या.

घोघ्याच्या आधी डावीकडे पिरम बेट दिसतं, त्यावर दीपगृह आहे. घोघा जुनं बंदर, गुजरातीत म्हण आहे, "लंकानी लाडी ने घोघानो वर", लंकेची नवरी आणि घोघ्याचा नवरा, म्हणजे इथली जहाजं एकेकाळी कुठवर जायची बघा. आम्ही उतरलो तेव्हा पाणी इतकं खाली गेलेलं की जेट्टीचे खांब खालपर्यंत उघडे, त्यांच्यावर कालवांचा जाड थर आणि ओला चिखल चकाकत होता. जहाजातून जेट्टीवर यायला जो हलता पूल आहे तो पाण्याबरोबर वरखाली होतो, त्या वेळी चांगलाच उतार-चढाव होता. गुडघ्याचं दुखणं असलेल्यांनी हात धरायला कुणीतरी ठेवावं.

कृष्ण प्रतिपदा

भावनगरहून कोळियाकला गेलो, निष्कलंक महादेव. मंदिर म्हणजे समुद्रातलाच एक ओटा, त्यावर पांडवांची म्हणून पाच शिवलिंगं आणि एक उंच ध्वज. भरतीत सगळं पाण्याखाली जातं, ध्वजाचा खांब तेवढा वर राहतो, आणि ओहोटीला किनाऱ्यापासून चालत जाता येतं. श्रावणी अमावास्येला, तिकडचे लोक भादरवी अमास म्हणतात, मोठी यात्रा असते.

आम्ही साडेनऊला पोचलो तर रस्ता अजून पाण्याखाली. पुढे तासभर नुसतं बसून पाणी उतरताना बघितलं. असं बसून बघायला कुणी सांगत नाही, पण मला पूर्ण ट्रिपमध्ये हेच आवडलं. आधी एक दगड दिसला. तुम्ही बोरं खाऊन बी टाकेपर्यंत तिथे चार दगड. मग चिखलाचा एक पट्टा, त्यावर वाळूच्या बारीक लाटा उमटलेल्या, आणि त्या ओल्या चिखलावर निवट्या, म्हणजे ते बोटभर लांब मासे जे कल्ल्यापाशी हात असल्यासारखे सरपटतात आणि डोळे डोक्यावर घेऊन आपल्याकडे बघतात. नाना त्यांच्या मागे लागले. एकही हाताला लागला नाही.

साडेदहानंतर माणसं निघाली. चप्पल काढून चाला, शेवाळ आहे. ओट्यावर पाणी अजून लिंगांच्या खोबणीत साचलेलं, आईने त्याच पाण्याने अभिषेक केला. फुलवाल्याने निघताना बजावलं होतं, बाराच्या पुढे रेंगाळू नका. वळलेलं पाणी समोरून लाट बनून येत नाही, ते बाजूच्या खोलगट भागातून गुपचूप भरत येतं, आणि तुम्ही समोर बघत असता तेव्हा मागचा रस्ता ओला होतो. आम्ही पावणेबाराला फिरलो. एक ग्रुप सेल्फी काढत मागे राहिलेला, ते परतताना पोटऱ्यांपर्यंत पाण्यात होते.

इथेच तिथीचा हिशेब नानांच्या डोक्यात बसला. कोकणात कोळी लोक तिथीची पाऊणपट करून भरतीचा तास काढतात, पौर्णिमा-अमावास्येला मुंबईत बाराच्या सुमाराला भरती, मग रोज पाऊण तास, पन्नास मिनिटं पुढे. आखातात पाणी आत पोचायला वेळ लागतो म्हणून भावनगरला तीच भरती चारेक तास उशिरा, म्हणजे पौर्णिमेला पहाटे आणि संध्याकाळी साडेचार-पाचला भरती, मधली ओहोटी साधारण अकराला. नाना म्हणाले, मग आपण चतुर्थीला परत जाणार म्हणजे संध्याकाळची भरती साडेसात-आठला. आणि फेरी साडेपाचची. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. भरती चढत असताना निघणार होतो.

द्वितीया

अलंग. जहाजं तोडायचा धंदा इथे १९८३ पासून आहे आणि तो इथेच का आला याचं उत्तर परत तेच, भरती. उधाणाच्या भरतीला जहाज स्वतःच्या इंजिनावर सरळ किनाऱ्यावर चढवतात, पाणी उतरलं की ते कोरड्यावर, मग कापायचं. यार्डात परवानगीशिवाय सोडत नाहीत, आम्ही गेलो पण नाही, रस्त्यावरची दुकानं बघितली. किलोमीटरच्या किलोमीटर दुतर्फा जहाजातून निघालेलं सामान, गाद्या, बेसिनं, नारिंगी लाईफजॅकेटचे ढीग, हॉटेलातल्यासारखे स्टीलचे ओटे. बायकोने काचेचे जाड तळाचे सहा ग्लास घेतले. एका दुकानात टेबलं होती, ज्यांच्या कडेला बोटभर उंच पट्टी ठोकलेली असते. दुकानदार म्हणाला ही कशाला, तर जहाज कललं की ताट खाली जाऊ नये म्हणून. पाण्याचा ग्लास हलत नाही म्हणणाऱ्यांना हे टेबल दाखवावं.

मुंबई-गोवा करणारी कर्णिका नावाची क्रूझ आठवते का, १९९० सालची बोट, ती पण नोव्हेंबर २०२० मध्ये तुटायला इथेच आली.

त्यावरून मुंबई-गोवा क्रूझचं पण सांगून टाकतो, कारण आपल्याकडचे बहुतेक लोक तीच करतात. तिकडे गणित वेगळं. कोकण किनाऱ्यावर डिसेंबर ते फेब्रुवारी रात्री आणि सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, त्याने काठाजवळचं पाणी दबलेलं राहतं, आरशासारख्या सकाळी मिळतात. दुपारनंतर वायव्येकडून समुद्रावरचा वारा येतो, शेंड्या दिसायला लागतात, आणि अंधार पडला की परत उतरतो. म्हणजे डेकवर फिरायचं ते सकाळी. कधीकधी वारा अजिबात नसताना बोट हळू डुलत राहते, तेव्हा लोकांना कळत नाही काय झालं. इराणच्या आखाताकडे हिवाळ्यात शमाल नावाचे जोरदार वारे सुटतात, त्यांनी उठवलेल्या लाटा शेकडो किलोमीटर चालत वायव्येकडून आपल्या किनाऱ्यापर्यंत येतात. त्या लांबून आलेल्या असतात म्हणून गोल आणि मंद. क्रूझच्या मोठ्या बोटीला त्यांचं फार काही नाही, पण ज्याला लागायचं त्याला याच हळू डुलण्याने लागतं. आणि अंदाजात जो लाटेचा आकडा देतात तो सगळ्यात मोठ्या लाटेचा नसतो, वरच्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते, एखादी लाट त्याच्या दुप्पटही निघू शकते.

रात्री भावनगरला वारा सुटला. हॉटेलच्या गच्चीवरचे पत्रे वाजत होते. मुलाचा घरून फोन, म्हणे अमळनेरला हुडहुडी भरलीय, धुळ्यात पारा सातवर आलाय. तेव्हा मी हसलो, पण हा हिशेब बरोबर लागतो. उत्तर भारतावरून पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारं ढगाळ पावसाळी हवामान, पुढे सरकला की त्याच्यामागे उत्तरेची थंड हवा धावत खाली येते, तीच धुळ्या-जळगावात थंडीची लाट आणते आणि तीच खंबातच्या आखातावर उत्तरेचा जोरदार वारा म्हणून येते. तुमची फेरी असेल त्याच्या आदल्या दिवशी पेपरात धुळ्याचं किमान तापमान बघा, एकदम चार-पाच अंशांनी घसरलं असेल तर पाणी खडबडीत असणार असं धरून चाला.

तृतीया

पालिताणा. जैनांच्या शत्रुंजय डोंगराच्या साडेतीन हजारांवर पायऱ्या, नाना आणि बायको चढले, मी आणि आई खाली. समुद्राचा काही संबंध नाही म्हणून इथे थांबतो. वारा दिवसभर होताच.

संकष्टी चतुर्थी

आईला संकष्टीचा उपास, त्यामुळे सकाळपासून शेंगदाण्याचे लाडू आणि केळी यावरच. मी म्हणलं पोट रिकामं नको, बोटीत रिकाम्या पोटी जास्त मळमळतं. आई म्हणे, "माले काय बी व्हत नही." वहिनींनी या वेळी गोळी घेतलीच, निघायच्या तासभर आधी. बाकीच्यांनी आलेपाक खिशात ठेवला. तेलकट फाफडा-गाठिया भावनगरलाच सोडला, हे नानांना पटलं नाही.

जेट्टीवर पोचलो पाचला. त्या दिवशी खांब अर्धे पाण्यात, पाणी चढत होतं आणि खांबांच्या उत्तरेच्या बाजूला पाण्याच्या शेपट्या निघालेल्या, म्हणजे ओढ आत चाललीय हे डोळ्यांनी दिसत होतं. झेंडा मात्र ताठ, बरोबर दक्षिणेकडे. पाणी एकीकडे, वारा दुसरीकडे. आणि बाहेर नजर जाईल तिथे पांढऱ्या शेंड्या, मातकट पाण्यावर त्या पिवळसरच दिसतात.

आम्ही बसायची जागा आधीच हेरून ठेवली होती, मधोमध आणि खालच्या मजल्यावर. जहाज पुढे-मागे झुलतं तेव्हा मधला भाग सगळ्यात कमी हालतो, वरचा डेक मात्र डाव्या-उजव्या कलण्यात लांब फिरतो. लोक व्ह्यू चांगला म्हणून पुढच्या काचेपाशी धावले. अर्ध्या तासात तिथली पोरं मागे आली, एकाच्या हातात पिशवी.

बंदराच्या आडोशातून बाहेर पडलो आणि सुरू झालं. मोठी लाट एकही नाही, मीटरभर असेल नसेल. पण धड्, धड्, धड्, दोन धक्क्यांच्या मध्ये श्वास घ्यायला वेळ नाही. खालून साखळ्यांचा आवाज यायचा, ताण बसला की करकर आणि सैल झाली की खण्. चहा घेऊन येणारा एक माणूस गुडघे वाकवून, मांड्या फाकवून असा चालत होता की सांडला नाही, त्याला सवय. माझा कप सांडला. नाना एकदम गप्प. चाळीस वर्षं घाटात एसटी चालवलेल्या माणसाला बोट लागावी हे त्यांना सहन होईना. त्यांना बाहेर नेलं, कठडा धरायला लावला आणि म्हणलं लांब बघा, आभाळ-पाण्याच्या रेघेकडे, फोन बंद. घाटात ड्रायव्हरला कधी लागत नाही आणि मागच्या सीटवर लागतं, तसंच हे, डोळ्याला दिसतं आणि अंगाला जाणवतं ते एक झालं की पोट शांत होतं. दहा मिनिटांनी त्यांनी आलेपाक मागितला. थोड्या वेळाने वेग बघा म्हणाले, सतरा.

आई आत बसून जप करत होती. तिला खरंच काही झालं नाही.

असं दीड-पावणेदोन तास चाललं असेल. सव्वासातनंतर धक्के विरळ व्हायला लागले. झेंडा तसाच ताठ, वारा उलट अंधार पडल्यावर बोचायला लागलेला, कानटोपीतून आत शिरत होता. पण पाणी मवाळ होत गेलं. भरती भरून पाणी थांबलं होतं. पुढे पाऊण तासात ते फिरलं, आता वारा आणि ओहोटी दोघं दक्षिणेला आणि आम्ही पण त्यांच्याबरोबर. खालचा साखळ्यांचा आवाज बंद झाला. नाना फोन घेऊन आले, सव्वीस! जसं काही त्यांनीच गिअर टाकला. आत पत्त्यांचे डाव सुरू झाले, मघाशी आडव्या पडलेल्या बायका उठून केस विंचरायला लागल्या. आणि हे सगळं वारा कमी न होता, उलट थोडा वाढलेला असताना. रायगडवाला खलाशी या फेरीला नव्हता, नाहीतर त्याला चहा पाजला असता.

नऊच्या सुमाराला पूर्वेला चंद्र आला, हजीऱ्याच्या कारखान्यांच्या दिव्यांच्या वर, धुरामुळे असेल, चांगला तांबूस. आईने डेकवरच अर्घ्य दिलं, कठड्यावरून वाकू देईना म्हणून मी तिच्या पदराला धरून उभा. मग मोदक कुठले, पालिताण्याहून घेतलेले पेढे. एका ट्रकवाल्याने, तो शिरपूरचाच निघाला, आईच्या पाया पडून दोन पेढे नेले.

हजीऱ्याला उतरलो तेव्हा दहा वाजत आले होते. रात्री त्या भागातून उधन्याला यायला गाडी आधी सांगून ठेवा, ऐन वेळी रिक्षावाले तोंडाला येईल ते मागतात.

आता कुणी जायचं म्हणालं तर मी एवढंच विचारतो की तिथी कुठली आणि धुळ्यात थंडी किती. थंडीची लाट नसेल तर कुठल्याही तिथीला बिनधास्त जा. थंडीची लाट असेल तर अष्टमीच्या आसपासचे दिवस बघा, तेव्हा भांगाची भरती असते, पाण्याला ओढ कमी, वाऱ्याशी भांडण पण कमी. आणि कोळियाकला मंदिर नीट उघडं बघायचं असेल तर मात्र पौर्णिमा-अमावास्याच लागते, दोन्ही एकदम मिळत नाही. नानांनी घरी येईपर्यंत मे महिन्यात सगळ्या भाच्यांना घेऊन परत जायचं काढलं. त्याला मी नाही म्हणलं. मे मध्ये उत्तरेचा वारा संपलेला असतो आणि नैऋत्येकडून समुद्रावरचा दणकट वारा सरळ आखाताच्या उघड्या तोंडात शिरतो, तेव्हा ओहोटी आणि वारा समोरासमोर येतात, म्हणजे आमच्या पूर्ण हिशेबाच्या उलट. नाना आता ओहोटी किती वाजता वळते ते कॅलेंडरवर पेन्सिलने मांडत बसलेत.